एल-आयवर अडलेली यादी

दवाखान्यातल्या नंदाबाई सिस्टर धापा टाकत कॉम्प्युटर क्लासात शिरल्या, तेव्हा मच्छिंद्र पडद्यासमोर घामाघूम बसला होता.

"मच्छिंद्रभाऊ, साळूबाईच्या सुनंला बाळंतपणात लई रक्त जाऊन राह्यलंय. डॉक्टर तिला जालन्याला हलवतायत. ओ निगेटिव्ह पाहिजे, अन् तिथं एक बाटली शिल्लक न्हाई. तुमच्या शिबिराची यादी काढा, जल्दी!"

यादी याच मशीनमध्ये होती. भोकरदनच्या रक्तदान शिबिरातली दोनशे चाळीस नावं मच्छिंद्रनं विंडोजमध्ये टाइप केली होती. कागदी फॉर्म कधीच रद्दीत गेले होते. गेल्या आठवड्यात त्यानं हौसेनं त्याच डिस्कवर लिनक्स ही दुसरी सिस्टिमही टाकली. मशीन चालू केलं की कुठली सिस्टिम पाहिजे, ते लिलो नावाचा छोटा प्रोग्राम विचारायचा. आज सकाळी लिनक्समध्ये आवराआवर करताना त्यानं लिलोचीच एक फाइल दुसरीकडं हलवली. तेव्हापासून पडद्यावर 'एल-आय' ही दोन अक्षरं उमटत आणि सगळं ठप्प होई. ना लिनक्स, ना विंडोज.

"विंडोज नव्यानं भरा की मंग!"

"घाईत हात चुकला तर यादीच पुसंल, सिस्टर."

भारनियमनामुळं रोज बाराला लाइट जायची. पावणेबारा होऊन गेले होते.

मशीन अडलं तर चालू करायला म्हणून लिनक्स टाकताना बनवलेली फ्लॉपी त्यानं कप्प्यातून शोधून काढली अन् आत सरकवली. ड्राइव्ह करकरला आणि थांबला. वाचता येईना. त्यानं ती काढली, फुंकर मारली, पुन्हा घातली. या वेळी ओळी सरकू लागल्या. लिनक्स उघडलं.

फाइल जागेवर ठेवली. लिलोच्या सेटिंगमधली प्रत्येक ओळ अक्षर अक्षर तपासली: विंडोज डिस्कच्या पहिल्या भागात, लिनक्स दुसऱ्या. मग 'लिलो' टाइप करून एंटर दाबलं. दोन्ही नावं पडद्यावर आली.

"झालं?"

"अजून न्हाई."

मशीन बंद करून चालू केलं. लिलोनं विचारलं. त्यानं 'विंडोज' लिहिलं आणि एंटर दाबलं. पडद्यावर विंडोजचं निळं आभाळ उघडलं तेव्हा नंदाबाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

यादीत ओ निगेटिव्ह दोनच. एक पुण्याला गेलेला. दुसरा कडूबा, जाफराबाद रोडवरचा वेल्डिंगवाला.

"तुम्ही दवाखान्याची जीप थांबवा, मी त्याला घेऊन येतो," म्हणत मच्छिंद्र धावला.

कडूबानं डोळ्यांवरचा चष्मा काढून ऐकलं, हातातलं काम तसंच टाकलं आणि दुकान उघडं सोडून निघाला.

संध्याकाळी जालन्याच्या दवाखान्यातून फोन आला. नंदाबाईंचा आवाज थकलेला होता. "दोघी बी बराबर हायेत. पोरगी झाली."

मच्छिंद्र म्हणाला, "सिस्टर, मशीन आपोआप न्हाई बिघडलं. ती फाइल मीच हलवली होती."



"उद्या सकाळी," नंदाबाई म्हणाल्या, "यादी छापून आपल्या दवाखान्यात आणून द्या. मी वाट पाहते."