मेंढवाड्यातली शाळा

सोलापुरातल्या मडमिणींच्या शाळेला पंचवीस वर्षं भरत आली, तसं तिचा इतिहास लिहायचं काम ज्ञानबा मास्तरांच्या गळ्यात पडलं. मास्तर तिथं मराठी शिकवत. त्यांना कुठलं दप्तर धुंडाळायची गरज नव्हती, कारण शाळेचा पहिला दिवस त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तेव्हा ते सात वर्षांचे होते आणि प्लेगनं गेलेल्या आईला जाळून चारच दिवस झाले होते.

ते अकरा सालचं प्लेगचं वर्ष. गाव ओस पडलेलं, जो तो माळावर झोपड्या ठोकून राहिलेला. दोन गोऱ्या सिस्टर आजाऱ्यांची सेवा करायला आल्या आणि उघड्यावर भटकणारी पोरकी पोरं गोळा करून शिकवायला लागल्या. पण बसवायचं कुठं? प्लेगाची पोरं म्हणून कुणी दारात उभं करीना. तेव्हा मायाक्का धनगरीण म्हणाली, माझी मेंढरं दिवसभर रानात असतात, वाडा मोकळाच पडलेला असतो. रोज सकाळी मेंढरं बाहेर पडली की ती लेंड्या लोटून काढायची, घोंगडी अंथरायची, आणि सांजेला मेंढरं परत येईपर्यंत तिथं शाळा भरायची. अशी ती आठ महिने भरली. ज्ञानबा मास्तरांनी पहिला ‘अ’ गिरवला तो त्याच मातीत.

त्याच माळावर पेठेतले कापडवाले रुद्रप्पा शेटजीही झोपडीत होते. बायको प्लेगनं गेली तशी शेटजींनी प्रेत आणि तान्हं पोर दोन्ही तिथंच टाकलं आणि टेंभुर्णीला सोयऱ्यांकडं पळ काढला. पोर रडून रडून निळं पडलं होतं. मायाक्कानं त्याला उचललं, शेळीच्या दुधात चिंधी भिजवून त्याच्या तोंडात धरली आणि साथ सरेपर्यंत त्याला जगवलं. ते पोर म्हणजे चन्नवीर. शेटजी परत आले, पोर घेऊन गेले, आणि पुन्हा त्या वाटेला फिरकले नाहीत.

आता शेटजींनी शाळेला चार खोल्या बांधून दिल्या होत्या. चन्नवीरची मुलगी दाक्षायणी तिथं जायची आणि तिच्यासाठी घरून पितळी घागर यायची, तोंडाला फडकं बांधून. शाळेचं पाणी म्हणे तिला चालायचं नाही. ज्याच्या रक्तात धनगरणीच्या शेळीचं दूध, त्याच्या लेकीला शाळेचं पाणी चालत नव्हतं! मास्तरांना ती घागर दिसली की तोंड कडू व्हायचं.

यंदा एका नव्या सिस्टरनं मायाक्काची नात अंबी वर्गात घेतली. पोरीला आई ना बाप. लिहायला शिकली तर मेंढरामागचं फिरणं चुकेल एवढीच म्हातारीची आस होती. पाचव्या दिवशी अंबीला तहान लागली आणि तिनं हाताला आली ती घागर कलती केली. झालं. रुद्रप्पा शेटजी नाकाला रुमाल लावून स्वतः आले. घासूनही शुद्ध व्हायची नाही म्हणून घागर त्यांनी कुंपणाबाहेर फेकायला लावली आणि शाळेच्या मुख्य मदरना सांगितलं, बकऱ्याच्या वासाची पोर ठेवा नाहीतर आमच्या पेठेतल्या पोरी ठेवा. मदरनी अंबीच्या हातावर खडीसाखरेचे चार खडे ठेवले आणि तिला घरी पाठवलं. शेटजींची मास्तरांना चीड आली होती. त्या खडीसाखरेची मात्र शिसारी आली.

त्याच संध्याकाळी मास्तर मायाक्काकडं गेले. म्हणाले, शाळेच्या पंचविशीच्या समारंभाला पोरीला घेऊन या. आपल्या शाळेची सगळी कहाणी मी वाचणार आहे, बिशपसाहेबांपुढं, कलेक्टरपुढं. तुमचं नाव भर सभेत घेतो, मग पोरीला कोण नको म्हणतंय ते बघू.

मास्तरांनी मन लावून लिहिलं. वाडा, घोंगडी, लेंड्या, चिंधी, सगळं. लिहिताना दोनदा रडले. मग मदरच्या खोलीत कागद वाचून दाखवायची वेळ आली. शेटजी खुर्चीत पसरून पान चघळत होते. चिंधीपाशी त्यांचं चघळणं थांबलं.

“मास्तर, इतिहास लिवा की,” ते शांतपणे म्हणाले. “लेंड्या कशाला लिवता?”

मदर मोडक्या मराठीत म्हणाल्या की हे खरं असेल, पण पाहुण्यांपुढं शोभणार नाही. पुढं कधीतरी सवडीनं पाहू. मग शेटजींनी, मास्तरांची राहती खोली शाळेचीच ना, असं सहज विचारलं. मदर खिडकीबाहेर बघत राहिल्या. मास्तरांनी टाक उचलला आणि मायाक्काचं सगळं स्वतःच्या हातानं खोडलं. खोडताना टाक एकदाही अडला नाही, याचीच त्यांना पुढं सगळ्यात जास्त किळस वाटली.

समारंभाच्या दिवशी मंडप भरला, बँड वाजला. मायाक्का धुतलेलं लुगडं नेसून आली होती. अंबीचे केस तिनं तेल लावून चापून बसवले होते. दोघी फाटकाजवळ मातीत बसल्या. मास्तर वाचायला उभे राहिले.

“या शाळेचा पाया एका दानशूर गृहस्थाच्या प्रशस्त आवारात घातला गेला. पहिल्या दिवसापासून हिनं उच्चनीच पाहिलं नाही. दारी आलेलं एकही मूल हिनं कधी परत पाठवलं नाही.”

टाळ्या पडल्या. शेटजींनी मान झुकवून त्या स्वीकारल्या. मास्तरांनी पुढचं पान उलटलं.

अत्तरगुलाब चाललं होतं, तेव्हा मायाक्का गर्दी चुकवत त्यांच्यापाशी आली. आता ही थुंकेल, थुंकलीच पाहिजे, असं मास्तरांना वाटलं. तिच्या तोंडावर मात्र राग नव्हता, टोमणा नव्हता.

“मास्तर, तुमी वाचलं ती साळा कुटली?”

मास्तरांनी हातातल्या कागदांची गुंडाळी केली.

“माजं नाव न्हाय आलं, तवाच मी वळखलं, ही आपली न्हवं. दुसरी हाय कुटली तरी,” ती म्हणाली. “पर लई चांगली वाटली. दारात आल्यालं पोर परत लावत न्हाईत म्हनं. तितं आमच्या अंबीला घेतील का वो?”

खरं सांगायला एवढी एकच संधी उरली होती. दहा पावलांवर शेटजी कलेक्टरना हार घालत होते.

“लांब हाय, मायाक्का,” मास्तर म्हणाले.

“असू द्या की. मेंढरामागं करमाळ्यापतोर चालतो आमी. वाट तेवडी सांगा.”

मास्तरांनी हात उचलला आणि स्टेशनाकडचा रस्ता दाखवला. मायाक्कानं त्यांचं भलं होऊ दे म्हटलं, नातीचा हात धरला आणि त्या रस्त्यानं चालू लागली.