उकळलेला दगड

पवनीच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारा संघपाल रामटेके दोन महिन्यांपासून शेवाळाच्या मागे लागला होता. त्याच्या बैठकीत खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी होती. कॉलेजातला मित्र कुलदीप नागपूर सोडताना ती त्याला देऊन गेला होता, आतले दगड, प्रवाळ आणि दोन नारिंगी मासे यांच्यासकट. संघपालच्या आईने, मंगलाबाईंनी, समुद्र कधी पाहिला नव्हता. संध्याकाळी त्या टाकीसमोर खुर्ची ओढून बसायच्या.

मग दगडांवर हिरवे केस उगवले. आधी बोटभर, मग वीतभर. संघपालने ते चिमट्याने उपटले, दिवे कमी केले, माशांचं खाणं अर्ध्यावर आणलं, बोअरचं पाणी बंद करून फिल्टरचं वापरलं. बाकीचे दगड साफ झाले, पण एक काही ऐकेना. त्याच्यावर शर्टाच्या बटणाएवढे तपकिरी जीव दाटीने चिकटलेले होते आणि त्यांच्या फटींतून शेवाळ पुन्हा पुन्हा यायचं.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी त्याने तो दगड बाहेर काढला.

"काय करून राहिले?" त्याची बायको रत्नमाला कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर निघाली होती.

"उकळून टाकतो याले. झंझटच खतम."

"माह्या भाताच्या गंजात नका टाकू."

"नाही, जुना गंज घेतला," त्याने अडगळीतलं पातेलं उचलून दाखवलं.

थंडीमुळे स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद होत्या. गॅसच्या उबेला मंगलाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, आणि त्यांच्याजवळ अकरा वर्षांची प्रतिक्षा गणितं सोडवत होती. पाण्याला उकळी फुटली. खारट, कुबट वाफ खोलीभर पसरली. संघपालने ब्रशने दगड घासला, पुन्हा गंजात टाकला. वीसेक मिनिटं हे चाललं.

"संघपाल, तोंडात तांब्याचा पैसा धरल्यावानी लागून राहिलं," मंगलाबाई म्हणाल्या आणि खोकू लागल्या.

त्यालाही जिभेवर तसलीच चव जाणवत होती. त्याने गॅस बंद केला. अर्ध्या तासात प्रतिक्षा स्वेटरवर शाल घेऊन कुडकुडत होती. मंगलाबाईंचा खोकला थांबत नव्हता; प्रत्येक श्वासाला त्यांचे खांदे वर उचलले जात होते. संघपालच्या छातीवर कोणी गुडघा रोवावा तसं झालं होतं. आधी त्याला वाटलं, गॅस गळतोय. त्याने नळी तपासली, बटणं तपासली. सगळं ठीक होतं. मग त्याची नजर गंजाकडे गेली. ते तपकिरी जीव फुगून पांढुरके पडले होते.

त्याने कुलदीपला फोन लावला.

"बटणवाला दगड? उकळला?" कुलदीपचा आवाज चढला. "घरात कोण कोण आहे?"

"माय आन् प्रतिक्षा."

"बाहेर काढ त्यांना. आत्ताच! त्यांच्यात विष असतं, वाफेतून छातीत जातं. पॅलिटॉक्सिन. दवाखान्यात हेच नाव सांग."

"औषध काय त्याच्यावर?"

"उतारा नाही, संघ्या. तू निघ लवकर."

त्याने आईला अक्षरशः उचलून अंगणात आणलं. प्रतिक्षा भिंत धरत मागे आली. त्याची हाक ऐकून रत्नमाला धावत खाली आली.

"काय झालं मायले? काहून अशा करून राहिल्या?"

"माह्याच्यानं झालं," म्हणत त्याने शेजारी हाक दिली.

शेजारच्या भुपेंद्रने गाडी काढली. भंडाऱ्यापर्यंतचा रस्ता संघपालने शेकडो वेळा कापला होता, पण त्या दिवशी वाटेतलं अड्याळ गावही येता येईना. मंगलाबाईंचं डोकं रत्नमालाच्या मांडीवर होतं. ओठ निळसर पडत चालले होते. संघपाल पुढच्या सीटवरून मागे वळून त्यांचे श्वास मोजत होता, आणि दोन श्वासांमधलं अंतर वाढलं की त्याचा स्वतःचा श्वास अडकत होता.

"पप्पा, आजी मरते का?" प्रतिक्षाने विचारलं. तिचे दात वाजत होते.

भुपेंद्रने गाडीचा वेग वाढवला.

दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी ऑक्सिजन लावला आणि मग विचारलं, "नेमकं काय झालं?" संघपालने शेवाळाचा दगड उकळल्याचं सांगितलं आणि कागदावर ते नाव लिहून दिलं.

"शेवाळानं असं होतं?"

"शेवाळानं नाही, मॅडम. मी शेवाळ मारायले गेलो. त्याच दगडावर दुसरे जीव होते, ते मी पाहत होतो रोज. वाचलं नाही त्यांच्याबद्दल."

डॉक्टर बाईंनी स्वतः दोन ठिकाणी फोन केले. परत येऊन म्हणाल्या, "लक्ष ठेवायचं, श्वास चालू ठेवायचा. आपल्या हातात तेवढंच आहे."

प्रतिक्षाचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. संघपालची छाती तिसऱ्या दिवशी मोकळी झाली. मंगलाबाई मात्र पाच दिवस मास्कमागे होत्या. संघपाल आयसीयूच्या काचेबाहेर उभा राहायचा, नर्स घाईने आत शिरली की भिंतीला टेकायचा. रत्नमाला त्याच्याशी बोलत नव्हती. सहाव्या दिवशी तिने त्याच्या हातात चहा दिला आणि म्हणाली, "त्यायनं आज तुमचं नाव घेतलं."

मधल्या काळात कुलदीपच्या ओळखीची दोन माणसं मास्क आणि हातमोजे घालून घरात गेली. त्यांनी गंज ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवला, दगड पिशवीत बांधून नेला, खोल्या धुतल्या. टाकी आणि मासेही त्यांनीच नागपूरला नेले.

नवव्या दिवशी मंगलाबाई घरी आल्या. फुप्फुसं पूर्ववत व्हायला काही महिने लागतील, असं डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं. फाटकापासून दारापर्यंत त्या दोनदा थांबल्या. प्रतिक्षा मात्र उंबरठ्याबाहेरच उभी होती. नाक चिमटीत धरून ती आत डोकावत होती.

"मी नाही येत. मले वास येऊन राहिला."

"कायचा वास? फिनाइलचा हाये," रत्नमाला म्हणाली. पोरगी हलेना.

मंगलाबाईंनी धाप आवरत तिचा हात धरला. "चाल. पयले मी जातो."

दोघी हळूहळू आत गेल्या. संघपाल त्यांच्या मागे निघाला. खोलीच्या मध्यापर्यंत पोचल्यावर त्याच्या ध्यानात आलं की त्याने केव्हापासून श्वासच घेतलेला नाही.