मामीची रिकामी जागा

भाचीच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. "मामा, लहानपणी मी मामीचा आवाज टेप केला होता, तुला प्रुफं वाचून दाखवतानाचा. माझ्या दुसऱ्या अल्बमच्या मधोमध तो घालू का? तू हो म्हणेपर्यंत हात लावणार नाही."

भाची यंत्रांवर संगीत करते. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही.

बायको होती तेव्हा छापखान्यातली प्रुफं मी तपासायला घरी आणायचो. हस्तलिखित हिच्या हातात, प्रूफ माझ्यापुढे. ही विरामचिन्हांसकट एका सुरात वाचायची, "दार उघडं होतं पूर्णविराम तो मात्र स्वल्पविराम आत आला नाही पूर्णविराम." मग थांबायची. मी 'हं' म्हटल्याशिवाय पुढची ओळ नाही. उभ्या संसारात मी तिच्याशी सर्वांत जास्त बोललो तो शब्द बहुधा हाच.

उत्तर लिहायला बसे, पण पहिल्याच ओळीत खाडाखोड होई. 'हो' लिहावं तर हिला परक्यांच्या हवाली केल्यासारखं वाटे. 'नाही' म्हणावं तर पोरीचं मन मोडणार. तेवढ्यात अल्बम निघालासुद्धा.

समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. एकानं तर 'मधल्या दीर्घ शांततेचं धाडस' असा मथळाच दिला. संध्याकाळी भाचीचा फोन आला.

"वाचलंस, मामा?"

"वाचलं. धाडस म्हणतायत."

"धाडस कसलं डोंबलाचं! मामीची जागा आहे ती. तुझ्या उत्तराची वाट बघून तशीच सोडली."

मला काही सुचेना.

"बघ, आत्ताही तुझं धाडसच चाललंय." ती हसली, पण लगेच आवाज उतरला. "नवी आवृत्ती निघतेय. शेवटची संधी आहे, मामा. नाही तर नाही म्हण, मी रागावणार नाही. पण लिहून कळव. फोनवर तू काय बोलणार!"

तिनं पाठवलेली सीडी टेबलावर तशीच पडून होती. ती लावली. आधी नुसते ठोके, मग लांबवर काहीतरी घुमत राहिलं. आणि एकदम सगळं थांबलं. खोलीत फ्रीजची घरघर तेवढी उरली. समोर हिची खुर्ची, तिच्यावर माझे इस्त्रीचे कपडे. ओळ संपल्यावर ही थांबायची, अगदी तसंच वाटलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "हं."

आयुष्यात पहिल्यांदाच मी हं म्हटलं आणि पुढची ओळ आली नाही.

मग खुर्चीवरचे कपडे उचलून कपाटात ठेवले आणि एक कार्ड घेतलं. वर भाचीचा पत्ता, खाली 'हं. घाल.' सवयीनं पुन्हा तपासलं. दुरुस्ती नव्हती. चपला घातल्या, कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत गेलो आणि कार्ड आत सोडलं.