काट्यावरचा पाय

भोंगी हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं. गोठ्यात कुणी पाऊल टाकायचा अवकाश, की ही गाय कारखान्याच्या भोंग्यासारखी हंबरायची. यंदा तिला वासरू झालं ते मेलेलंच, आणि तिचा आवाज गेला. चाऱ्याला तोंड लावीना.

जनावरांच्या डॉक्टरांनी तिला काट्यावर घेतलं. गोठ्यामागे लोखंडी पिंजरा आहे, त्याच्या तळाशी काट्याची फळी आणि बाजूच्या खांबावर आकडे दाखवणारी पेटी. तीनशे चाळीस किलो भरली.

"आता रोज वजन घ्या," डॉक्टर सासऱ्यांना म्हणाले. "दाण्यापाण्याच्या आधी, रोज एकाच वेळी. फळीवरचं शेण काढायचं, काटा शून्यावर आणायचा, मग गाय आत. आकडा थांबल्याशिवाय वाचायचा नाही. वजन वाढत गेलं तर सुया चालू ठेवू."

"आणि नाही वाढलं तर?"

"तर तिचे हाल लांबवू नका, दादा. मी तिची सुटका करीन."

त्या दिवसापासून सासऱ्यांनी काट्याचा ध्यासच घेतला. खराट्याने फळी अशी घासायचे, की सासूबाई म्हणायच्या, "त्यावर पानं मांडायचीत का आता?" मग ते पाय न धुता स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगायचे, "वाढली! आजही वाढली!"

"जन्मात कधी बायकोचं वजन विचारलं नाही, आणि गाईचं रोज," सासूबाई म्हणायच्या.

"चल की तूही. चढ काट्यावर."

"नको बाई. काटा मोडला तर भोंगीला कुठे न्याल?"

त्याच दिवसांत मी बाळाचं वजन करायची. तान्हं पोर काट्यावर एकटं कसं राहील? म्हणून आधी त्याला घेऊन मी उभी राहायची, मग एकटी, आणि वजाबाकी. एकदा घाईत सगळाच आकडा सांगून मोकळी झाले. सासऱ्यांना हसून हसून ठसका लागला. "अगं, पोर आहे की रेडा? आधी स्वतःला वजा कर!"

भोंगीला खरारा करताना मात्र माझा हात अडखळायचा. माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना खळगे पडले होते. माझी मूठ आत मावायची. आकडा वर चाललेला आणि गाय खाली. सासऱ्यांना म्हटलं, तर म्हणाले, "आतून भरतेय. बाळंतिणीचं तसंच असतं." मी स्वतः बाळंतीण. मानून घेतलं. मलाही ते खरं व्हायला हवं होतं.

डॉक्टर यायचे त्या सकाळी बाळाला कडेवर घेऊन मी चहा घेऊन मागे गेले. भोंगी पिंजऱ्यात होती. पुढचं दार अर्धं उघडं, आणि सासरे तिच्या तोंडाशी. त्यांचा एक पाय जमिनीवर, एक फळीवर. तिच्या मानेवर कपाळ टेकून, सगळा भार तिच्यावर टाकून ते पुटपुटत होते, "उभी राहा गं बाई. थोडंच राहिलंय." पेटीवरचा आकडा थांबला. तीनशे बासष्ट.

"बघ!" मान न उचलता ते म्हणाले. "बघितलंस?"

मी कपबशी खाली ठेवली.

"बाबा," मी म्हटलं, "स्वतःला वजा करायचं राहिलं."

आधी त्यांना कळलंच नाही. हसले. मग त्यांनी खाली आपल्या पायाकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा.

"मी जवळ नसलो की ती बसते गं," ते म्हणाले. "पहिल्यांदा नुसतं दावं धरलं होतं. मग हात लावला. मग..."

त्यांनी पाय खाली घेतला. आकडा गडगडला. ते भोंगीला बाहेर घेऊन आले, कोरडी असलेली फळी पुन्हा घासली, काटा शून्यावर आणला, तिला आत घेतलं आणि भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. दोन्ही हात पाठीमागे. भोंगीचे चारही पाय थरथरत होते, पण त्या सकाळी ती एकटी उभी राहिली.

तीनशे दोन.

बाळ पेटीवरच्या लाल आकड्यांकडे हात करून खिदळलं. मी त्याचं तोंड माझ्या खांद्याशी धरलं.

डॉक्टर आले तेव्हा सासूबाईही मागे येऊन उभ्या होत्या. "किती भरली?" डॉक्टरांनी विचारलं. मी जमिनीकडे बघत राहिले. सासरे काहीही सांगू शकले असते. मी त्यांना खोटं पाडलं नसतं.

"तीनशे दोन."

"पण काल फोनवर तर तुम्ही..."

"काल माझं धरून सांगितलं. रोजच माझं धरून. आजचं तिचं एकटीचं आहे."

डॉक्टरांनी भोंगीच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि बराच वेळ तो तिथेच ठेवला. "बाहेर घेऊ तिला," ते हळू आवाजात म्हणाले. "गवतावर." आणि बॅग आणायला गाडीकडे वळले.

सासरे पिंजऱ्यापाशी गेले. दाव्याला हात घातला, पण ओढलं नाही.

"आता चढलो तर चालेल ना गं?" त्यांनी मला विचारलं.

मी मान डोलावली. ते दोन्ही पायांनी फळीवर चढले आणि तिच्या गळ्याला मिठी मारली. पेटीवरचे आकडे वरखाली पळू लागले, थांबेनात. मी बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि काट्याचं बटण बंद केलं.