दोन बाणांचा गोल

इस्त्री ओल्या कॉलरवर टेकली आणि चर्र झालं. घरात मघापासून तेवढाच काय तो आवाज. ओलायाने दचकून पाळण्याकडे पाहिलं. नेलने झोपेतच ओठ हलवले आणि तो पुन्हा शांत झाला. खाली गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सोतोवेर्दे गावातली दारं एवढी बंद असायची ती कुणाच्या अंत्यविधीला, नाहीतर आजच्यासारख्या सामन्याला.

"आई, अजून किती?" खिडकीत बसलेल्या आल्दाराने विचारलं. सूर्यफुलाच्या बियांची टरफलं तिने कठड्यावर ओळीने मांडली होती.

"शर्ट? हा शेवटचा."

"शर्ट नाही गं. गोल."

"एक."

त्यांच्या खिडकीतून खाणीचा गंजलेला मनोरा दिसायचा, नदीचं वळणही दिसायचं, पण मैदान दिसत नसे. मध्ये कोळसा धुण्याच्या जुन्या कारखान्याची भिंत होती. मैदानाचं फक्त आभाळ दिसे, आणि ओलायाला तेवढं पुरत असे. गावाच्या संघाने गोल केला की म्हातारा तिनो दारूचे दोन बाण उडवायचा आणि पाहुण्यांनी केला की एक. वर कुरणांत गुरं राखणाऱ्यांना कळावं म्हणून कुणीतरी कधीकाळी सुरू केलेली ही पद्धत. या गावात आल्यापासून नवऱ्याचा सगळा खेळ तिने असा कानांनीच पाहिला होता. आज मध्यंतराच्या आधी दोन बाण फुटले, तेव्हा आल्दारा पलंगावर नाचली आणि ओलायाने इस्त्री उभी करून डोळे मिटून घेतले. गेल्या रविवारी पाहुण्यांच्या मैदानावर संघ एका गोलने हरला होता. म्हणजे आता दोन्ही सामने मिळून बरोबरी झाली होती. अजून एक गोल झाला की वरची श्रेणी.

तिचा नवरा सेर्वांदो सतरा वर्षं बचावफळीत खेळला. गावं बदलली आणि जर्सीचे रंग बदलले. चिखल आणि पहाटे घरी सोडणाऱ्या बसगाड्या मात्र त्याच राहिल्या. वरच्या श्रेणीचा उंबरठा त्याने कधी ओलांडला नाही. नंतर तो प्रशिक्षक झाला, तोही अशाच संघांचा. सकाळी शाळेची बस चालवायची आणि संध्याकाळी मैदान. आज हरलो तर थांबणार, हे त्याने स्वतःच ठरवलं होतं. मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये जागा होती. हे सांगताना त्याने पाव इतका बारीक कुस्करला की शेवटी ओलायाने हलकेच त्याच्या हातावर हात ठेवला.

ती पूर्वी सामन्यांना जायची. तिने पाहिलेल्या पहिल्या सामन्यात चेंडू त्याच्याच पायाला लागून त्याच्याच जाळ्यात गेला. दुसऱ्यात त्याचा गुडघा गेला. तिसऱ्यात, ऐन बढतीच्या सामन्यात, त्याने मारलेली पेनल्टी गोलच्या वरून निघून गेली. परतीच्या बसमध्ये कुणीतरी म्हणालं, "सेर्वांदो, बायकोला घरी ठेव रे बाबा. पांढऱ्या पायाची आहे." सगळे हसले. तोही हसला. पुढच्या रविवारी तिला ताप होता, ती गेली नाही, आणि संघ जिंकला.

त्यानंतर कुणी काही बोललं नाही. तोही 'येऊ नकोस' असं कधी म्हणाला नाही. फक्त सामन्याच्या दिवशी जेवताना ताटातून मान वर न करता विचारायचा, "दुपारी काय करणार आहेस?"

"इस्त्री," ती म्हणायची.

आणि त्याचे खांदे सैल पडायचे. आजही पडले होते.

तेवढ्यात बाण सुटल्याची शिट्टी आली. आल्दारा उभी राहिली. कारखान्याच्या भिंतीवर पांढरा धूर फुटला आणि आवाज डोंगरावर आपटून परत आला.

दोघी थांबल्या.

दुसरा आलाच नाही.

"येईल," आल्दारा म्हणाली. "तिनोकाका म्हातारे आहेत ना. हळू पेटवतात."

ओलायाने इस्त्रीची वायर काढली. दुसरा आवाज येत नव्हता. दूरवरून लोकांचा गलका येत होता, पण असा गलका शिव्या देतानाही होतो. म्हणजे पाहुण्यांचा गोल. सामन्याची जेमतेम दहा मिनिटं उरली होती. म्हणजे संपलं.

हरल्यावर सेर्वांदो कसा घरी येतो ते तिला माहीत होतं. नदीकाठाने, लांबच्या वाटेने, एकटा. मग जिन्यात दिवा न लावता बसून राहायचा आणि ती दाराच्या आत उभी राहायची. आज शेवटचं. आज त्याला ती वाट एकट्याने चालू द्यायची नाही, एवढंच तिच्या मनात आलं. हरून झालंय, आता आपल्या पायांनी आणखी काय वाईट व्हायचं राहिलंय?

"सँडल घाल," ती म्हणाली.

"कुठे जायचं?"

"बाबांना आणायला."

नेलला तिने झोळीत छातीशी बांधलं. त्या उतार उतरल्या तेव्हा चर्चसमोरच्या चौकात फक्त एक कुत्रं पसरलं होतं. आल्दारा वाटेत हळूच म्हणाली, "शाळेत पेलायो म्हणतो, तुझी आई मैदानात आली की गवत जळतं."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, तुझी आई रोज येते, म्हणून तुला गोल मारता येत नाही."

ओलायाला एवढ्यातही हसू आलं.

मैदानाचं फाटक शेवटच्या काही मिनिटांसाठी नेहमीप्रमाणे सताड उघडलेलं होतं. तिकिटं विकणारी एतेल्विना, त्यांची शेजारीण, रिकाम्या पेटीवर उभी राहून टाचा उंचावून आत बघत होती. ओलाया दिसताच ती पेटीवरून उतरली नाही, पडलीच.

"अगं बये! तू इथे काय करतेस?"

"त्याला न्यायला आले. हरलोच ना आता."

"हरलो? कोण हरलं? दोन-शून्य आहोत आपण, पोरी! दोन-शून्य!"

"पण बाण तर एकच..."

"तो मेला तिनो! जन्मभर खाणीत सुरुंग लावले, आणि आज दुसरा बाण फुसका निघाला त्याचा. बघ तिकडे, अजून फुंकर घालतोय मुडदा."

ओलायाला आधी आनंद झाला नाही. आधी तिला आपले पाय दिसले. फाटकाच्या आत, मैदानाच्या मातीवर. तिने आल्दाराचा हात धरला आणि मागे वळली.

आत शिट्टी वाजली. लांब, जोरात. मग सगळ्या गावाने एकदम श्वास ओढावा तसा आवाज झाला.

"पेनल्टी," पायरीवरचा कुणीतरी म्हणाला. "त्यांना पेनल्टी."

"मी जाते," ओलाया म्हणाली. "एतेल्विना, मी आलेच नव्हते. मी जाते."

"आता जाऊन काय? आलेली आलीस." एतेल्विनाने तिला खांद्याला धरून स्टँडच्या कोपऱ्यात ढकललं, कुंपणाला लागून, आणि आपली भलीमोठी काळी छत्री फट्कन तिच्यापुढे उघडली. "तुझ्या पायांत एवढा जोर असता ना, तर गावातली खाण तूच बंद पाडलीस म्हणाले असते. गप उभी राहा आणि बघ. मी बघणार नाही. माझं हृदय चांगलं नाही."

छत्रीच्या काठावरून ओलायाला गोलपोस्ट दिसला, आणि त्याच्या अलीकडे, रेषेबाहेर, सेर्वांदो. तो पेनल्टी कधीच बघत नसे. त्याने मैदानाकडे पाठ फिरवली, म्हणजे तोंड नेमकं तिच्याकडे झालं. डोळे घट्ट मिटलेले, बोटं मानेमागे गुंफलेली, सकाळी तिनेच इस्त्री केलेल्या शर्टाला घामाचे नकाशे. दहा पावलांवर. तो इतका म्हातारा आणि इतका लहान तिला कधीच दिसला नव्हता.

त्याने डोळे मिटले होते, म्हणून तिने मिटले नाहीत. कुणीतरी बघायला हवंच होतं.

पाहुण्यांचा पोरगा धावत आला. चेंडू डावीकडे, खाली, जोरात. आपला गोलरक्षक आधी चुकीच्या बाजूला कलला, मग कसा कुणास ठाऊक, त्याचा मागे राहिलेला पाय चेंडूला लागला. चेंडू खांबावर आदळला, रेषेवरून घरंगळला आणि कुणीतरी तो नदीच्या दिशेने भिरकावून दिला.

ओलाया ओरडली. नेल जागा होऊन रडू लागला. पण त्या गर्जनेत कुणाला काय ऐकू जाणार! सेर्वांदोने डोळे उघडले. ते पाण्याने एवढे भरले होते की त्याला छत्रीसुद्धा दिसली नसावी. मग शेवटची शिट्टी झाली, आणि सगळं गाव कुंपणावरून आत ओसंडलं.

त्याला खांद्यावर उचललं. सतरा वर्षं इतरांच्या खांद्यांना खांदा भिडवणारा तो माणूस वर डुगडुगत होता, एक बूट निसटलेला, साखळी तुटलेल्या सायकलसारखा पाय फिरवत. कुणीतरी त्याच्या डोक्यावर सिद्राची बाटली रिकामी केली. त्या सफरचंदाच्या दारूचा आंबूस वास स्टँडपर्यंत आला. तिनोने उरलेले सगळे बाण एकदम पेटवले आणि त्यातला एकही फुसका निघाला नाही. ओलाया रडत होती, हसत होती, नेलला थोपटत होती. ती जिंकलेला नवरा पहिल्यांदा पाहत होती. तो जिंकल्यावर असा दिसतो तर. मान जराशी कलती, लग्नाच्या दिवशी होती तशी.

कुणीतरी त्याच्या हातात माईक कोंबला. भोंगा आधी किंचाळला, मग सेर्वांदोचा घोगरा आवाज आला.

"मला बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे!" गाव ओरडलं.

"पोरांनी केलं. सगळं पोरांनी केलं. पण एक माणूस इथे नाही..." तो थांबला. हाताने तोंड पुसलं. "माझी ओलाया. इतकी वर्षं घरी बसून इस्त्री करत माझ्यासाठी जीव टांगणीला लावते. आजही तिथे बसली आहे. ओलाया, ऐकतेस ना? तू आली नाहीस म्हणून हे झालं. हा विजय तुझा!"

सगळं मैदान उताराकडे, कारखान्याच्या भिंतीकडे वळलं. तिथे न दिसणाऱ्या एका खिडकीसाठी लोकांनी टाळ्या वाजवल्या. टोप्या उडवल्या. छत्री मिटता मिटता एतेल्विना मध्येच थांबली, आणि तिने ती पुन्हा उघडली. इतरांबरोबर ओलायाही टाळ्या वाजवत होती.

आल्दाराने तिच्या झोळीचं टोक खेचलं. ती खाली वाकली.

"आई, आपण इथेच होतो हे बाबांना सांगितलं," पोरगी तिच्या कानाला लागून म्हणाली, "तर ते खूश होतील, का घाबरतील?"