रिकामा रकाना

नर्सबाईंचा तो दिवस नेहमीसारखाच उजाडला. खांद्याला पिशवी, पिशवीत तान्ह्यांचा वजनकाटा नि झोळी, यादीत सहा बाळंतिणी. पाचव्या घरची बाळंतीण त्यांची स्वतःचीच लेक होती.

"या विहीणबाई!" लेकीच्या सासूबाईंनी दार उघडलं.

"आज विहीण नाही, नर्स आलीय. मानपान राहू दे, काटा अडकवायला खुंटी दाखवा."

आतल्या खोलीत लेकीला हसू आलं. आईने बाळाला झोळीत घालून काट्याकडे पाहिलं. पंधरा दिवसांत काटा तसूभरही हलला नव्हता.

"दूध पुरतं का गं?"

"पुरतं की," सासूबाईच बोलल्या.

"आणि हिचं जेवण?"

"आम्ही काय कुणाला उपाशी ठेवतो?"

सुनेला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सासूने द्यायचं, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उरेल ते सुनेने खायचं, अशी त्या घरची रीत. मुलगी झाल्यापासून उरायचंही कमी झालं होतं. अशी घरं शोधायला लांब जावं लागत नाही.

तीस वर्षांच्या नोकरीत आईने यावर एक तोड काढली होती. "हात धुवायला जरा गरम पाणी मिळेल?" ती म्हणाली. सासूबाई स्वयंपाकघराकडे वळल्या. पाणी तापेपर्यंतची चार मिनिटं फक्त बाळंतिणीची असत. तेवढ्यात कितीजणी तिच्यापाशी रडून मोकळ्या झाल्या होत्या.

"तू कशी आहेस?" आईने हळूच विचारलं.

लेकीच्या अगदी ओठांवर आलं. पण 'माझ्या पोरीने नशीब काढलं' असं आई चारचौघींत सांगायची. तिला खोटं कसं पाडायचं?

"मजेत आहे गं. तू ना, उगाच शंका काढतेस."

आईने लेकीचं मनगट बराच वेळ हातात धरून ठेवलं. पाणी आलं, हात धुऊन झाले, बाळंतिणीचं कार्ड भरून झालं. "परवा पुन्हा येते," म्हणून ती निघाली.

सहाव्या घराच्या जिन्यात तिचं हृदय थांबलं, ते कायमचंच. पिशवी खांद्यालाच होती.

तीन आठवड्यांनी तीच पिशवी घेऊन नवी नर्स आली. तोवर बाळाचं रडणंही क्षीण झालं होतं.

"सगळं ठीक आहे, लिहून टाका," सासूबाई दारातूनच म्हणाल्या.

नवी नर्स कार्ड उलटता उलटता थबकली. "आधीच्या ताईंनी सगळं भरलंय. 'बाळंतिणीचं म्हणणं, तिच्याच शब्दांत' हा रकाना तेवढा कोरा सोडलाय. त्यांचं दुसरं एकही कार्ड मी असं पाहिलेलं नाही."

आत लेकीने ते ऐकलं. 'मजेत' हा शब्द आईने लिहिलाच नव्हता.

"जरा गरम पाणी मिळेल का हो?" नर्सने सासूबाईंना विचारलं.

"पाणी नको." बाळाला उराशी धरून लेक उंबऱ्यापर्यंत आली. "तुम्हीही थांबा," ती सासूबाईंना म्हणाली. "तुमच्यासमोरच सांगायचंय."

तिने त्या कोऱ्या चौकटीवर बोट टेकवलं.

"मी बरी नाही, आई. मला रोज भूक लागते गं."