गोडनिंबावरच्या अळ्या

"काहून मारतं वं माय? राहू दे त्याहिले."

प्रयागबाईच्या हातातला राखेचा डबा तसाच राहिला. परसातल्या गोडनिंबावर अळ्या पडल्या होत्या, फोडणीपुरतंही कढीपत्त्याचं पान उरलं नव्हतं. पण चारुशीला बोलली होती.

अडुसष्ट सालची गोष्ट. पहिल्या बाळंतपणाला लेक सक्करदऱ्याला माहेरी आली आणि मूल मेलेलंच जन्मलं. तेव्हापासून ती दिवसभर विहिरीच्या कठड्याला टेकून गप्प बसून राही. घरात त्या बाळाचा विषय कुणी काढायचा नाही, अशी प्रयागबाईनं सगळ्यांना ताकीदच दिली होती.

तिनं डबा खाली ठेवला.

मग चारुशीला झाडापाशीच बसू लागली. पाखराच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या त्या अळ्या कात टाकून हिरव्यागार झाल्या. बोट लावलं की डोक्यातून शेंदरी शिंगं काढायच्या. "हे पाह्य वं," म्हणून ती हाक मारी, आणि प्रयागबाई चुलीवरचं टाकून येई. एका अळीनं स्वतःला धाग्यानं काडीशी बांधून घेतलं आणि तिचा कोष झाला.

एका सकाळी तो कोष पारदर्शक झाला. आतले काळे-पिवळे पंख दिसू लागले. दोघी धुणं सोडून बसल्या. कोष फाटला, आणि ओलं, चुरगळलेलं काहीतरी धडपडत बाहेर येऊन लोंबकळलं. हे काही जगत नाही, असं प्रयागबाईला वाटलं. तिचा हात पुढे गेला.

"हात नोको लावू."

पंख भरत गेले. कुणी आतून हलकेच फुंकर घालावी तशा सुरकुत्या उलगडल्या. काळ्यावर पिवळे ठिपके, खाली एक लाल डाग. याच परसात तिनं सारा जन्म भांडी घासली होती, आणि असं काही इथं घडत असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. नकळत तिचे हात जोडले गेले.

"माय," चारुशीला फुलपाखरावरची नजर न काढता म्हणाली, "तू पाह्यलं होतं न त्याले?"

प्रयागबाईनं मान डोलावली.

"मले कोनी दाखवलंच नाही. कसा होता?"

"तुले तरास होईन म्हून..." प्रयागबाई सांगू लागली. मग ती म्हणाली, "डोकंभर केस होते वं. काळेभोर. नाक तुह्या बाबाचं."

"आन् केवढा होता?"

प्रयागबाईनं ओले हात पदराला पुसले आणि दोन तळवे हवेत धरून दाखवलं. चारुशीला तेवढ्या जागेकडे बघत राहिली. आईनं हात खाली घेतले नाहीत.